केसपेपरवर जाऊचं नाव

माझं नाव सुरेखा. आडनाव लिहीत नाही, कारण ते माझ्या मुलीचंही आहे आणि तिला अजून कोणी विचारलेलं नाही. दवाखान्यांची नावंही मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या वर्षी मी मरता मरता वाचले. एचआयव्हीने मरत नव्हते. तो माझ्या अंगात आता सात वर्षं आहे आणि रोज एक गोळी घेतली की गपगुमान बसतो. मी मरायला टेकले ते पोट पाडायला चुकीच्या माणसाकडे गेले म्हणून. त्याच्याकडे का गेले, हे सांगायला लिहिते आहे. कोणाला माझी दया यावी म्हणून लिहीत नाही. ती मला पुष्कळ मिळाली, तिचं पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही.

लाल फुली

गौरी पोटात होती, पाचवा महिना. गावातल्या उपकेंद्रात रक्त घेतलं आणि चार दिवसांनी तालुक्याला बोलावलं. "नवऱ्याले घेऊन या," एवढाच निरोप. माझा नवरा गजानन दारव्हा ते यवतमाळ जीप चालवतो. त्याने दवाखान्यासमोर सवाऱ्यांनी भरलेली जीप उभी केली आणि किल्ली हातात घेऊनच माझ्यासोबत आत आला. त्याचंही रक्त घेतलं. थोड्या वेळाने दोघांचंही एकदमच सांगितलं.

बाहेर सवाऱ्या ओरडत होत्या. गजाननने जीप सुरू केली आणि त्यांना यवतमाळला नेऊन सोडलं. मी पुढच्या सीटवर बसून होते. मागे कोणीतरी लग्नातल्या जेवणाबद्दल सांगत होतं, वांग्याची भाजी कशी कमी पडली ते. एवढं मोठं काही ऐकल्यावर माणूस निदान गाडी तरी थांबवत असेल, असं मला वाटायचं.

कोणामुळे कोणाला झालं यावर आम्ही वर्षभर भांडलो. मग सोडून दिलं.

माझ्या गरोदरपणाच्या कार्डाच्या कोपऱ्यात कोणीतरी लाल पेनाने छोटीशी फुली मारली होती. बाळंतपणाला गेले तेव्हा आयाबाईने ती फुली पाहिली आणि मला अगदी भिंतीकडच्या खाटेवर नेलं. "हिले एकटीले तिकडं काहून टाकलं?" असं कोणाची तरी सासू विचारत होती. मी झोपेचं सोंग घेतलं. गौरी झाली. तिला औषध पाजलं, दीड वर्षं तिच्या तपासण्या झाल्या आणि तिला काही नाही असं निघालं. त्या दिवशी मी घरी येऊन विनाकारण शिरा केला.

आमचं घर एकत्र आहे. मोठे दीर, जाऊ वंदनाताई, त्यांची दोन मुलं आणि आम्ही तिघं. घरात मी कोणालाच सांगितलं नाही. दर महिन्याला मोठ्या दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या केंद्रातून गोळ्यांची डबी आणायची, वरचं लेबल भिजवून काढायचं आणि आत कापसाचा बोळा कोंबायचा, म्हणजे जीपमध्ये डबी वाजत नाही. मग ती तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली दाबून ठेवायची. गोळ्या न्यायला येणाऱ्या जवळजवळ सगळ्या बाया असा बोळा कोंबतात. आमच्या भागात कापसाला तोटा नाही आणि हे कोणी कोणाला शिकवावं लागत नाही.

मला नको होतं

गौरी साडेपाच वर्षांची असताना मला परत दिवस गेले. आम्ही काळजी घेत होतो, एकदा घेतली नाही.

मला ते मूल नको होतं. आता वाचणारे मान हलवतील, बरोबरच आहे, आजार आहे ना. तसं नाही. औषधं नीट चालू असली तर मूल चांगलं होऊ शकतं, माझ्या घरात एक खेळतंय. मला नको होतं कारण मला नको होतं. शिवणकाम नुकतं जम धरत होतं, गौरी शाळेत जायला लागली होती आणि मला थोडं सरळ उभं राहायचं होतं. याहून जास्त कारण मी माझ्या आईलाही देणार नाही.

गजाननला सांगितलं. तो म्हणाला, "तू पाय बाप्पा, तुले काय करायचं ते." ऐकायला समजूतदार वाटतं. म्हणाला आणि जीप घेऊन निघून गेला.

मी एका खासगी दवाखान्यात गेले. त्यांनी आधारची झेरॉक्स घेतली, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने माझी फाईल दोन बोटांनी कोपऱ्यात धरून आत नेली. डॉक्टर मला बसासुद्धा म्हणाल्या नाहीत.

"आमच्याकडे होणार नाही. नवऱ्याला आणा, कायमचं ऑपरेशन करून घेते असं लिहून द्या, मग बघू. आणि तुमच्यासारखीनं आधीच विचार करायला नको?"

"माह्यासारखीनं म्हंजे कशीनं?" मी विचारलं.

त्यांनी बेल वाजवली आणि पुढची बाई आत आली.

खरं तर मी माझ्या गोळ्यांच्या केंद्रातल्या समुपदेशक मॅडमना सांगायला हवं होतं. पण त्या रागावतील, अशी मला भीती होती. इतकी वर्षं त्यांनी निरोधची पाकिटं हातात देऊन बजावलं होतं. चौतीस वर्षांची बाई मी, एका बाईच्या रागाला भ्यायले आणि जिवावर बेतून घेतलं. बाकीच्यांच्या चुका लिहिते तशी ही माझीही लिहून ठेवते.

रक्त न तपासणारा

पुसदच्या रस्त्यावर, मुख्य रस्ता सोडून आत एका गावात एक माणूस होता. पूर्वी कुठल्या तरी डॉक्टरकडे कंपाउंडर होता म्हणे. दुसऱ्या बाया त्याच्याकडे जायच्या कारण तो बोभाटा करत नसे. माझ्यासारख्या जायच्या कारण तो रक्त तपासत नसे. जिला दवाखान्याच्या दारातून रक्तामुळे परत पाठवलं, ती अशाच माणसाला शोधत जाते. यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

एक मात्र होतं. आधारकार्ड पाहिल्याशिवाय तो हात लावत नसे. ज्याच्या भिंतीवर स्वतःचं एक सर्टिफिकेट नव्हतं, त्याला बायांचं आधार लागायचं. पुढे काही झालं तर बाईचं तोंड बंद ठेवायला ते त्याच्या कामाला येई, हे मला नंतर समजलं.

माझं आधार द्यायला मी घाबरले. त्या खासगी दवाखान्याने माझा नंबर घेतला होता. आता तो नंबर कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये टाकला की माझा आजार पडद्यावर दिसतो, अशी माझी पक्की समजूत होती. असं काही नसतं. पण आमच्या केंद्रातल्या बाकावर बसलेल्या अर्ध्या बायांना विचारा, त्या हेच सांगतील.

मग मी वंदनाताईंना अर्धंच खरं सांगितलं. दिवस गेलेत, नकोत, आणि गावात कळायला नको.

"मंग माहं आधार घे ना," ताई म्हणाल्या. "माहं तर कधीचं ऑपरेशन झालं. माह्या नावाले कोण काय म्हणते?" आणि पदर खोचून उठल्या. "न एकटी जाशीन काय तू? पागल हायेस काय?"

त्या खोलीत काय झालं ते लिहीत नाही. फळीवर प्लास्टिक अंथरलेलं होतं. समोर देवाचं कॅलेंडर होतं आणि त्याचं मागच्या महिन्याचं पान तसंच होतं. मी पूर्ण वेळ त्या पानाकडे पाहत होते.

तिसऱ्या दिवशी ताप आला. चौथ्या दिवशी दुपारी मी शिलाई मशीनवरून उठले आणि स्टुलावर रक्त दिसलं.

दोन वंदना

मोठ्या दवाखान्यात ताईंनीच मला नेलं. खिडकीवर आधार मागितलं तेव्हा त्यांच्या पिशवीत एकच आधार होतं, त्यांचं. केसपेपरवर त्यांचं नाव, त्यांचं वय आणि माझ्या दिरांचं नाव चढलं.

वॉर्डात सिस्टरने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"वंदना."

"आणि सोबत कोण? तुमचं नाव?"

"वंदना."

सिस्टरने मान वर केली.

"काहून? एका घरात दोन वंदना असू नाही काय?" ताई म्हणाल्या. अंगातून रक्त जात होतं आणि मला हसू आलं, ते आठवतं.

त्यांनी माझं रक्त तपासायला घेतलं, गर्भपिशवी साफ केली, वरून रक्त चढवलं. त्याच्या बदल्यात ताईंनी रक्तपेढीत रक्त दिलं, जन्मात पहिल्यांदा. बिस्किटाचा पुडा घेऊन मोठ्या ऐटीत परत आल्या. "आता माहं रक्त गेलं तुह्यात. तू बी माह्यासारखीच भांडखोर होशीन पाय."

सकाळी राउंडला डॉक्टर विचारायचे, "आधीचा काही आजार? रोजच्या काही गोळ्या?"

"काही नाही जी," ताईच सांगायच्या. "तब्येतीनं चांगली हाय."

मी गप्प राहायची. माझ्या गोळ्या घरी डाळीत होत्या. माझ्या खऱ्या नावाची फाईल समोरच्याच इमारतीत होती, खाटेवरून तिची खिडकी दिसायची. बोलले तर इथूनही बाहेर काढतील आणि ताईंना कळेल. नाही बोलले तर ताप हटत नव्हता. दोन्हीकडून मीच मरणार होते आणि मी गप्प राहण्याकडून मरायचं ठरवलं होतं. हे आता लिहिताना मला माझाच राग येतो.

कागदी ग्लास

चौथ्या दिवशी मला सोनोग्राफीला नेलं. परत आले तर ताई बदललेल्या होत्या.

तोपर्यंत त्या माझ्याच खाटेवर बसायच्या, माझ्या ग्लासातून पाणी प्यायच्या, माझी वेणी घालायच्या. आता लांब खिडकीशी उभ्या होत्या. स्वतःसाठी कागदी ग्लास घेऊन आल्या. खिचडीचा डबा स्टुलावर ठेवला आणि हात मागे घेतला. माझे केस विंचरायला त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या आजारी बाईच्या आईला, आजीबाईंना सांगितलं.

मी समजले. रिपोर्ट आला आणि यांना कळलं. लाल फुली इथेही पोचली. मला रडू आलं नाही, राग आला. बारा वर्षं जिच्यासोबत एका चुलीवर स्वयंपाक केला, तिचं हे असं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तो राग आतल्या आत ठेवला. मग ताई माझ्या उशाशी पाण्याची बाटली लांबून, हात ताणून ठेवायला लागल्या आणि माझा तोल गेला.

"ताई, बोलायचं असन तं तोंडावर बोला. शिवत काहून नाही मले?"

"तू नोको शिवू मले," ताई म्हणाल्या आणि एकदम खाली फरशीवर बसल्या. "मले रोग लागला, सुरेखा. तो एड्सचा."

मला काही समजेना.

"काल तू मशीनवर गेलती न, तवा एक नवीन मॅडम आलती. मी खाटेवर बसली होती. वंदना कोण, म्हणे. मी म्हणलं, मीच. बाजूच्या खोलीत नेलं न सांगतलं. मी रक्त देल्लं ना, त्यातच निंगालं असन. न तेच रक्त तुले चढवलं असन तं? काय देऊन बसली वो मी तुले, काय देऊन बसली!"

दीड दिवस ती बाई मला वाचवायला माझ्यापासून लांब उभी होती. दीड दिवस तिने ते एकटीने पोटात ठेवलं, दिरांना नाही, मुलांना नाही. आणि मी तिच्यावर डोळे वटारून पडले होते.

"ताई," मी म्हटलं, "ते तुमचं नाही. ते माहं हाय. तुमच्या नावावर माहं निंगालं."

त्यांना समजायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं, गौरीच्या वेळचं, लाल फुलीचं, डाळीच्या डब्याचं. त्या ऐकत होत्या आणि बोटं मोडत होत्या.

"सहा वर्सं?"

"हो."

"सहा वर्सं माह्यासंग एका ताटात जेवली न मले सांगतलं नाही? मी काय खाऊन टाकलं असतं तुले?" आणि त्यांनी माझ्या दंडावर असा फटका मारला की सलाईनची नळी हलली. मग उठल्या, माझा ग्लास उचलला आणि त्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. "त्या कागदाच्या गिलासाले चवच नाही," म्हणाल्या. मी तेव्हा रडले. त्यांनी मला फार वेळ रडू दिलं नाही.

"पुरे. त्या सिस्टरले बोलाव. माहं नाव मले वापस दे."

सांगितलं

भेटीची वेळ होती, वॉर्ड माणसांनी भरला होता. सिस्टर म्हणाली, हळू सांगा, बाहेर जाऊ या का. तिने चांगल्या मनानेच विचारलं होतं. पण हळू बोलूनच मी इथवर आले होते.

"माझं नाव वंदना नाही. माझं नाव सुरेखा. मला एचआयव्ही आहे, समोरच्या इमारतीत माझी फाईल आहे, आणि पाच दिवसांपासून माझ्या गोळ्या बंद आहेत."

आजीबाईंच्या हातातला कंगवा माझ्या केसांतच थांबला.

"हे पहिल्या दिवशी सांगायचं ना हो बाई," सिस्टर म्हणाली आणि जवळजवळ पळतच डॉक्टरांकडे गेली. कोणी मला बाहेर काढलं नाही. डॉक्टर ओरडले, ते खोट्या नावासाठी. आजाराबद्दल ओरडले नाहीत. औषधं बदलली. केसपेपरवरचं 'वंदना' त्यांनी एका रेघेने खोडलं आणि वर 'सुरेखा' लिहून सही केली. आजीबाईंनी माझं डोकं सरळ केलं. मग म्हणाल्या, "हल नोको वो, गुंता सुटून राह्यला आता," आणि पुढे विंचरायला लागल्या.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं की पोट पाडायला नवऱ्याची सही लागतच नाही. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. आजार आहे म्हणून कोणी नाही म्हणू शकत नाही, आणि कायमच्या ऑपरेशनची अट घालू शकत नाही. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी त्या खासगी दवाखान्यातून तशी उठले नसते. ज्या बायांना हे माहीत नाही त्यांनी माझी ही एक ओळ दोनदा वाचावी.

केंद्रातल्या मॅडम जिना चढून आल्या. "मी रागावले असते," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं. मग तुझ्यासोबत आले असते." आणि राहिलेली पाच मिनिटं त्यांनी तिथेच पूर्ण केली. त्यांनी समोरून गोळ्या आणून दिल्या होत्याच, तरी संध्याकाळी गजानन घरची डबी घेऊन आला. ताईंनी झाकण उघडलं.

"हा बोळा कायले?"

"वाजू नाही म्हून."

ताईंनी कापूस उपसून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "वाजू दे." मग गजाननकडे वळल्या. "भाऊजी, तुमची डबी कुठं रायते?"

"जीपमधी," तो खाली बघत म्हणाला. "सीटखाली."

"आजपासून दोन्ही डब्या फळीवर. तुमच्या भावाले मी सांगतो."

त्यांनी सांगितलं. दिवाळीपर्यंत दीर माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच कप घेऊन माझ्या हातचा चहा मागायला आले. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. गावात दोन घरांनी शिवायला दिलेले ब्लाउज न शिवताच परत नेले. त्यांचं माप माझ्या वहीत आहे, यायचं तेव्हा येतील.

मी पोलिसांना जबाब दिला. तो माणूस खोली बंद करून निघून गेला, दुसऱ्या कुठल्या गावात बसतो म्हणतात. त्या खासगी दवाखान्याबद्दलही मी आरोग्य खात्याच्या ऑफिसात लेखी तक्रार केली. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याला गोळ्या आणायला जाते तेव्हा मी त्या ऑफिसात जाऊन विचारते. तिथला शिपाई आता मला पाहिलं की आधीच मान हलवतो. हलवू दे. मी जाते.

खिडकी

मागच्या महिन्यात केंद्रातल्या बाकावर माझ्या शेजारी एक पोरगी येऊन बसली. बाभुळगावकडची, विशीची असेल. माझी डबी पिशवीत वाजली तेव्हा ती दचकली. समोर बघतच तिने हळूच विचारलं.

"ताई, तो पुसदकडचा माणूस आता कुठं बसते?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या मुठीत एक आधारकार्ड होतं. त्यावरचा चेहरा तिचा नव्हता.

"कोणाचं हाय?"

"बहिणीचं."

मी तिला माझ्या पोटाबद्दल सांगितलं, तापाबद्दल सांगितलं, ताईंच्या कागदी ग्लासाबद्दल सांगितलं. ती ऐकत होती. मूल ठेवायचं की नाही, हे मी विचारलं नाही. ते तिचं ती पाहील, आणि जे ठरवेल ते इथे धडपणे होईल.

"मॅडम रागावतीन ना?"

"रागावतीन. पाच मिनिटं. मी बसतो बाजूले."

आम्ही उठलो आणि केसपेपरच्या खिडकीशी गेलो. आतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "नाव?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मुठीतलं कार्ड काढून घेतलं आणि तिच्या पिशवीत टाकलं.

तिने नाव सांगितलं.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोला."

तिने परत सांगितलं, स्वतःचं, मागच्या बाकावरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.